‘डाय हार्ड’ : इमारतीच्या आतला चित्रपट आणि बाहेरचा चित्रपट

(वाचकांमधील चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर तो लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

तळटीप

‘डाय हार्ड’ हा १९८८ सालचा चित्रपट मी नुकताच पुन्हा पाहिला आणि या खेपेस कागद-पेन्सिल घेऊन पाहिला. मारधाडीच्या चित्रपटाला कागद-पेन्सिल कशाला, असे घरातून विचारले गेलेच. पण मला एक गोष्ट तपासायची होती. या चित्रपटाची पटकथा अतिशय घट्ट विणलेली आहे असे नेहमी म्हटले जाते; ती कुठे घट्ट आहे आणि कुठे सैल, हे एकदा बारकाईने पाहावे असे वाटत होते. दोन तास बारा मिनिटांनंतर माझे मत असे झाले की या एका चित्रपटात दोन चित्रपट दडलेले आहेत. इमारतीच्या आत घडणारा चित्रपट जवळजवळ निर्दोष आहे, आणि इमारतीच्या बाहेर घडणारा चित्रपट लेखकांनी स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेला आहे. (पुढे कथानक शेवटापर्यंत उघड होते, याची नोंद घ्यावी.)

कथा थोडक्यात अशी. न्यूयॉर्कचा पोलीस जॉन मक्लेन (ब्रूस विलिस) नाताळच्या आदल्या संध्याकाळी लॉस एंजेलिसला येतो. त्याची पत्नी हॉली (बॉनी बेडेलिया) नाकाटोमी या जपानी कंपनीत मोठ्या पदावर आहे आणि दोघांचे बिनसलेले आहे. कंपनीची पार्टी चालू असताना हान्स ग्रूबर (ॲलन रिकमन) आपल्या सशस्त्र साथीदारांसह इमारतीचा ताबा घेतो. तो दहशतवाद्याचे सोंग आणतो, जगभरातल्या तुरुंगांतून कोणाकोणाला सोडण्याच्या मागण्या करतो, पण त्याचे खरे लक्ष तिजोरीतल्या ६४ कोटी डॉलरांच्या धारक-रोख्यांवर (ज्याच्या हाती असतील त्याच्याच मालकीचे ठरणारे रोखे) असते. त्या क्षणी मक्लेन आतल्या खोलीत बूट-मोजे काढून बसलेला असल्यामुळे तेवढा एकटा निसटतो.

त्या अनवाणी पायांपासूनच सुरुवात करतो, कारण या पटकथेची सगळी रीत त्यांत दिसते. विमानातला शेजारी मक्लेनला सल्ला देतो की प्रवासाचा शीण घालवायचा असेल तर मुक्कामी पोहोचल्यावर गालिच्यावर अनवाणी चालावे आणि पायाच्या बोटांच्या मुठी वळाव्यात. प्रेक्षक हसतो आणि विसरतो. मक्लेन तसे करत असतानाच गोळीबार सुरू होतो आणि त्याला अनवाणीच पळावे लागते. पहिला शत्रू मेल्यावर तो त्याचे बूट घालून पाहतो, पण ते लहान निघतात. पुढे हान्स त्याला समोरासमोर भेटतो तेव्हा त्याची नजर त्या पायांवर जाते, आणि काही मिनिटांतच तो आपल्या माणसाला खोलीतल्या काचांवर गोळ्या झाडायला सांगतो. मक्लेनला त्या काचांच्या खचावरून पळावे लागते. स्वच्छतागृहात बसून पायातून काचा उपसताना तो वॉकीटॉकीवरून बाहेरच्या पोलिसाकरवी पत्नीची क्षमा मागतो, आणि हाच चित्रपटातला सर्वांत हळवा क्षण ठरतो. एका फुटकळ विनोदातून अडचण निर्माण झाली, अडचणीतून खलनायकाची हुशारी दिसली आणि त्या हुशारीने केलेल्या जखमेतून नायकाचा कबुलीजबाब बाहेर आला. असा एक धागा सापडला असता तरी मी समाधानी झालो असतो. येथे ते पाच-सहा आहेत. हॉलीने रागाने पालथी घातलेली कुटुंबाच्या छायाचित्राची चौकट, तिचे माहेरचे आडनाव, कंपनीने तिला भेट दिलेले घड्याळ, तळघरात अडकलेला आलिशान गाडीचा चालक, हे सारे आधी सहज ठेवून दिलेले आणि नंतर वसूल केलेले आहे.

दुसरे बलस्थान म्हणजे नायकाची मर्यादा. ज्या काळात या प्रकारचे नायक दंडाच्या घेरावरून निवडले जात होते, त्या काळात विलिस हा दूरचित्रवाणीवरील ‘मूनलाइटिंग’ या हलक्याफुलक्या मालिकेसाठी ओळखला जाणारा नट होता. त्याला ५० लाख डॉलर दिले म्हणून चित्रपटसृष्टीने भुवया उंचावल्या होत्या, आणि सुरुवातीच्या काही जाहिरातींत त्याच्या चेहऱ्याऐवजी इमारतीलाच महत्त्व दिले गेले होते. पण त्याची निवड हाच चित्रपटाचा कणा आहे. हा मक्लेन घाबरतो, स्वतःशी पुटपुटतो, स्वतःला शिव्या घालतो. लढण्याआधी तो आगीची धोक्याची घंटा वाजवून पाहतो, मग छतावरून वॉकीटॉकीवर पोलिसांना हाका घालतो. म्हणजे मदत मागण्याचे सगळे शहाणे मार्ग संपल्यावरच तो बंदुकीकडे वळतो. त्याच्या अंगावरचा पांढरा गंजीफ्रॉक जसजसा काळपट होत जातो तसतसा किती वेळ गेला आणि किती रक्त गेले याचा हिशेब प्रेक्षकाला न सांगता कळत राहतो.

आता बाहेरचा चित्रपट. पोलीस नियंत्रण कक्षातली बाई छतावरून आलेली हाक म्हणजे गैरवापर समजून मक्लेनलाच दटावते. पोलीस उपप्रमुख रॉबिन्सन घटनास्थळी येतो तो जणू चुका करण्याची शपथ घेऊनच. एफबीआयचे दोन अधिकारी, ज्या दोघांचेही आडनाव जॉन्सन आहे, शंभरातले वीस-पंचवीस ओलीस मेले तरी चालतील असा हिशेब हसत मांडतात. वार्ताहर थॉर्नबर्ग मक्लेनच्या लहान मुलांना कॅमेऱ्यासमोर उभे करतो. आत प्रत्येक माणूस, अगदी खलनायकसुद्धा, बुद्धी वापरतो. बाहेर वॉकीटॉकीवर मक्लेनशी बोलत राहणारा एक हवालदार पॉवेल सोडला तर सगळे मूर्ख किंवा नीच. नायक एकटा पडावा म्हणून साऱ्या शहराला मूर्ख ठरवणे ही मला या पटकथेची सर्वांत मोठी फट वाटते. इतर वाचकांना काय वाटते?

शून्यप्रहर

आतला आणि बाहेरचा हा भेद नेमका आहे, पण आपण बाहेरच्या सर्वांना एकाच दोरीने बांधले आहे ते मला मान्य नाही. तिघांचा स्वतंत्रपणे विचार करायला हवा.

एफबीआयचे जॉन्सनद्वय निर्दय आहे, पण कथेच्या दृष्टीने ते मूर्ख नाही. ते नियमावलीप्रमाणे वागते, आणि ग्रूबरने डाव रचला आहे तो त्या नियमावलीवरच. तिजोरीची सात कुलपे आहेत. त्यांपैकी शेवटचे विद्युतचुंबकीय कुलूप इमारतीचा वीजपुरवठा बाहेरून तोडल्याशिवाय उघडत नाही. ओलीसनाट्य घडले की एफबीआय येणार आणि एफबीआय आली की वीज तोडणार, हे ग्रूबरला ठाऊक आहे. म्हणून तर तो चोरी लपवण्याऐवजी तिचा गाजावाजा करतो. सरकारी यंत्रणेच्या ठरीव वागण्याचा चावीसारखा वापर करणारा खलनायक मला तरी फारसा आढळलेला नाही. ज्या क्षणी दिवे जातात, तिजोरीचे दार उघडते आणि बेथोव्हनची नवव्या सिंफनीतली आनंदगीताची धून दणाणते, त्या क्षणी आपण दरोडेखोरांच्या बाजूने क्षणभर आनंदतो, हे कबूल करायला हवे.

वार्ताहर थॉर्नबर्ग अतिरंजित आहे, परंतु त्याच्याशिवाय हॉली ही मक्लेनची पत्नी आहे हे ग्रूबरला कळत नाही. दूरचित्रवाणीवर मुले दिसतात, हॉलीचा चेहरा बदलतो, ग्रूबर ती पालथी चौकट उलटतो आणि त्याला सर्व उलगडते. म्हणजे बाहेरचा हा माणूस आतल्या धाग्याला येऊन मिळाला आहे.

उरला उपप्रमुख रॉबिन्सन. त्याच्या बाबतीत मात्र मी आपल्याशी पूर्णपणे सहमत आहे. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी प्रदर्शनाच्या वेळी या चित्रपटाला चारांपैकी दोनच तारे दिले होते आणि त्यांचा मुख्य आक्षेप याच पात्रावर होता. पात्र चुकीचे वागते हा दोष नाही. त्याला चुकीचे वागण्यासाठी काही कारण लागते, आणि रॉबिन्सनला ते दिलेलेच नाही. पोलिसाच्या गाडीवर वरून प्रेत पडलेले असताना, गाडीची गोळ्यांनी चाळण झालेली असताना, हा मनुष्य ते प्रेत एखाद्या निराश शेअर दलालाचे असेल असा तर्क लढवतो. तेथे विनोद होतो आणि ताण सुटतो.

पायवाट

या चर्चेत मूळ कादंबरीचा विचार केल्यास काही गोष्टी अधिक स्पष्ट होतील. रॉडरिक थॉर्प यांच्या १९७९ च्या ‘नथिंग लास्ट्स फॉरेव्हर’ या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. ती थॉर्प यांच्याच १९६६ च्या ‘द डिटेक्टिव्ह’ या कादंबरीचा पुढचा भाग आहे. पहिल्या कादंबरीवर १९६८ साली निघालेल्या चित्रपटात फ्रँक सिनात्रा नायक होता, आणि करारामुळे ‘डाय हार्ड’ची भूमिका आधी त्यालाच देऊ करावी लागली होती. तो तेव्हा सत्तरी ओलांडलेला होता आणि त्याने नकार दिला, हा किस्सा गमतीचा आहे. परंतु त्यात एक तथ्यही आहे. कादंबरीतला नायक जोसेफ लेलँड खरोखरच वयस्क, निवृत्त माणूस आहे, आणि तो भेटायला जातो ती पत्नी नसून मुलगी आहे. तेथे हल्लेखोर खरेच राजकीय हेतूने आलेले असतात. कंपनी तेल व्यवसायातली आहे आणि तिचे हात स्वच्छ नाहीत. शेवटी खलनायक खिडकीतून पडताना मुलीलाही आपल्याबरोबर ओढून नेतो. वाचून झाल्यावर तोंडाची चव कडू होते.

दिग्दर्शक जॉन मक्टिअर्नन यांनी दोन मोठे बदल घडवून आणले. एक म्हणजे दहशतवाद्यांचे दरोडेखोर केले, कारण राजकीय दहशतवादाच्या कथेत उन्हाळ्यातल्या प्रेक्षकाला मौज वाटणार नाही अशी त्यांची धारणा होती. दुसरा म्हणजे लांबलेला कालावधी आकसून सारे एका रात्रीत बसवले; त्यामागे शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’चा विचार होता असे त्यांनी सांगितलेले आहे. एका रात्रीपुरते सगळे जग उलटेपालटे व्हायचे आणि पहाटे जोडप्यांनी पुन्हा एकत्र यायचे, ही ती घडण. तसे पाहिले तर रॉबिन्सन आणि जॉन्सनद्वय ही प्रहसनातली पात्रे ठरतात आणि त्यांचा खुळेपणा हेतुपुरस्सर वाटू लागतो. मला हे समर्थन अर्धेच पटते. ज्या चित्रपटात नाकाटोमीचा प्रमुख ताकागी याच्यासारख्या सभ्य माणसाच्या डोक्यात कोणताही आवाज न चढवता गोळी घातली जाते, त्या चित्रपटाच्या अंगणात प्रहसन चालू ठेवणे सोपे नाही, आणि काही ठिकाणी ते जमलेले नाही.

आणखी एक नुकसान झाले. कादंबरीतला नायक जे करतो त्याने तो स्वतः हादरत जातो. प्रत्येक मृत्यू त्याच्या खात्यावर लिहिला जातो. चित्रपटात पहिल्या मृत्यूनंतर त्याच प्रेतावर नाताळची टोपी घालून, त्याच्या कपड्यावर चिमटा काढणारे वाक्य लिहून ते लिफ्टमधून खाली पाठवले जाते. प्रेक्षक टाळ्या वाजवतो, आणि तेथेच मृत्यूचे वजन निम्मे होते.

चौकट

पटकथेवर बोलणे चालू आहे म्हणून छायालेखनाकडे लक्ष वेधतो, कारण ‘इमारतीच्या आतला चित्रपट’ उत्तम आहे याचे निम्मे श्रेय कॅमेऱ्याचे आहे असे माझे मत आहे.

छायालेखक यान डे बाँट हे नेदरलँड्सचे. त्यांनी पुढे १९९४ मध्ये ‘स्पीड’ दिग्दर्शित केला. येथे त्यांचा कॅमेरा सतत काहीतरी शोधत असल्यासारखा हलतो. कोणी काही ऐकले की कॅमेरा त्या आवाजाकडे वळतो. कोणाला काही सुचले की त्याच्या चेहऱ्याकडे सरकतो. पडदा रुंद आहे आणि त्या रुंदीचा उपयोग इमारतीचा नकाशा प्रेक्षकाच्या मनात उमटवण्यासाठी केलेला आहे. एका अर्धवट बांधलेल्या मजल्यावरच्या भिंतीवर नग्न स्त्रीचे चित्र चिकटवलेले आहे. मक्लेन धावताना त्याच्याजवळून जातो आणि पुन्हा तेथे आला की त्याला थोपटतो. ही थिल्लर वाटणारी खूण खरे तर मजला ओळखण्याची खूण आहे. कोण वर आहे, कोण खाली आहे, जिना कोठे आहे, हे आपल्याला सतत ठाऊक असते. हल्ली पुष्कळ चित्रपटांत सेकंदाला एक तुकडा या वेगाने संकलन होते आणि कोण कोणाला मारतो आहे हे कळत नाही. त्या तुलनेत हा चित्रपट पाहताना डोळ्यांना विसावा मिळतो. ऑस्करसाठी त्याला संकलन, ध्वनी, ध्वनिपरिणामांचे संकलन आणि दृश्यपरिणाम अशी चार नामांकने मिळाली होती. चारही कारागिरीची आहेत हे लक्षात घ्यावे.

इमारत खरी आहे, हेही महत्त्वाचे. लॉस एंजेलिसमधील फॉक्स प्लाझा ही निर्मिती करणाऱ्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीचीच वास्तू. तिचे काम पूर्ण व्हायचे होते, त्यामुळे कच्चे मजले, उघड्या तारा, रचून ठेवलेले सामान हे सर्व जागेवर होते. लिफ्टच्या उभ्या बोगद्यात मक्लेन पट्ट्याला लटकतो आणि एक झरोका चुकून त्याखालचा पकडतो, तेथे आपल्या पोटात गोळा येतो. त्या चित्रणात बदली कलाकाराची उडी खरोखरच चुकली होती आणि संकलकांनी ती चूकच वापरली.

आता दोष. ग्रूबरच्या टोळीचे जर्मन संवाद भाषांतराशिवाय ठेवण्याचा निर्णय धाडसी होता, कारण मक्लेनला जेवढे कळते तेवढेच आपल्याला कळते. परंतु ते जर्मन व्याकरणदृष्ट्या जागोजागी चुकलेले आहे. काचांवर गोळ्या झाडण्याचा जो आदेश आपण वर्णिला, तो ग्रूबर आधी मोडक्या जर्मनमध्ये देतो. साथीदार गोंधळून पाहतो, तेव्हा तो तेच इंग्रजीत सांगतो. म्हणजे जर्मन माणसाला जर्मन कळली नाही आणि इंग्रजी कळली. प्रेक्षकाला कळावे यासाठी केलेली ही तडजोड आहे, हे उघड आहे. तरीही ते जर्मन खरोखरच इतके चुकीचे आहे की साथीदाराचा गोंधळ मला पूर्णपणे वास्तववादी वाटतो!

मोजपट्टी

पटकथा घट्ट आहे या विधानालाच मी थोडा धक्का देऊ इच्छितो. चित्रीकरण सुरू झाले तेव्हा पटकथा पूर्ण झालेली नव्हती. जेब स्टुअर्ट यांनी लिहिलेल्या मसुद्यावर स्टीव्हन डि सूझा चित्रीकरण चालू असताना काम करत होते, आणि त्याच्या खुणा पाहणाऱ्याला दिसतात.

पहिली खूण म्हणजे रुग्णवाहिका. शेवटी दरोडेखोर रोखे घेऊन रुग्णवाहिकेतून, मदतकार्याच्या गर्दीत मिसळून, पळणार असतात. ती रुग्णवाहिका त्यांच्या मालवाहू ट्रकमध्ये लपवलेली असते. पण सुरुवातीला तोच ट्रक इमारतीत येतो आणि त्याचे मागचे दार उघडून टोळी बाहेर पडते, तेव्हा आत रुग्णवाहिका नाही, आणि माणसे ज्या प्रकारे बसलेली आहेत ते पाहता तिला जागाही नाही. पळून जाण्याची युक्ती नंतर सुचली आणि तोवर आगमनाचा प्रसंग चित्रित होऊन गेलेला होता.

दुसरी खूण अधिक सूक्ष्म आहे. मक्लेन आणि ग्रूबर यांची मध्येच होणारी भेट, जिच्यात ग्रूबर अमेरिकी उच्चार करत घाबरलेल्या ओलिसाचे सोंग घेतो, ती मूळ योजनेत नव्हती. रिकमन यांना अमेरिकी उच्चार बरे जमतात हे लक्षात आल्यावर ती लिहिली गेली. मक्लेन त्याला पिस्तूल देतो आणि ते रिकामे निघते. म्हणजे मक्लेनला संशय आलेला होता. कशावरून? टोळीतले सगळे जण आपापली घड्याळे जुळवतात असा एक प्रसंग होता, त्यात सर्वांच्या मनगटांवर एकाच प्रकारची घड्याळे दिसत होती, आणि मेलेल्यांच्या मनगटांवर ती पाहून मक्लेनने मनाशी ताळा जुळवलेला होता. तो प्रसंग ट्रकजवळच घडत असल्यामुळे रुग्णवाहिकेची अडचण झाली आणि संकलनात गळला. परिणामी आज आपण मक्लेनच्या अंतःप्रेरणेला दाद देतो, जेथे मुळात निरीक्षणशक्तीला दाद द्यायची होती.

गंमत अशी की एक भोक बुजवताना दुसरे पडले, तरी तो भेटीचा प्रसंग चित्रपटातला सर्वोत्तम प्रसंग आहे. रिकमन यांची ही पहिलीच चित्रपट भूमिका होती, आणि रंगभूमीवरचा नट एका क्षणात चेहऱ्यावरून एक माणूस पुसून दुसरा कसा उमटवतो याचा तो धडा आहे. तर्काची फट एवढ्या मोबदल्यात मिळत असेल तर मी ती आनंदाने घेईन.

दीपमाळ

हॉलीविषयी फारच थोडे बोलले गेले, म्हणून लिहिते.

या प्रकारच्या चित्रपटांत नायकाच्या पत्नीला किंचाळण्यापलीकडे काम नसते. हॉली वेगळी आहे. ताकागी मारला गेल्यावर ती आपण होऊन ग्रूबरसमोर जाते, गरोदर सहकारी स्त्रीसाठी बसायला कोच मागते, सर्वांना आळीपाळीने स्वच्छतागृहात जाऊ द्यावे असे सांगते आणि ते मिळवतेही. एक सामान्य चोर म्हणून ग्रूबरची लायकी काढणारीही तीच. तिच्याच कंपनीतला एलिस, जो वाटाघाटी म्हणजे काय ते आपल्यालाच कळते अशा तोऱ्यात पुढे होतो आणि जिवाला मुकतो, त्याच्या शेजारी तिला ठेवून पाहिले की तिची समज अधिक उठून दिसते.

आणि म्हणूनच शेवट मला खटकतो. ग्रूबर खिडकीबाहेर लोंबकळत असतो तो हॉलीच्या मनगटाला, अर्थात कंपनीने तिच्या कर्तृत्वाबद्दल दिलेल्या घड्याळाला, धरून. मक्लेन त्या घड्याळाचा पट्टा सोडवतो आणि ग्रूबर कोसळतो. रचनेच्या दृष्टीने हा परतावा अप्रतिम आहे, कारण याच घड्याळाचे प्रदर्शन एलिसने सुरुवातीला मक्लेनसमोर मांडलेले असते. पण अर्थ काय निघतो? तिने स्वतःच्या बळावर मिळवलेली वस्तू हाच तिचा घात ठरतो आणि नवरा ती तिच्या मनगटावरून काढून टाकतो, तेव्हा ती वाचते. लगेच खाली आल्यावर तो तिची ओळख माहेरच्या आडनावाने करून देतो, तर ती दुरुस्त करून सासरचे आडनाव सांगते. त्याने माघार घेतली आहे याची खूण म्हणून त्याने ते आडनाव वापरले हे मला कळते, आणि तिने स्वखुशीने उत्तर दिले हेही कळते. पण दोघांनी एकेक पाऊल मागे यावे अशी ही मांडणी असेल, तर त्याचे पाऊल शब्दांत आहे आणि तिचे मनगटावरून गेलेले आहे.

पॉवेलच्या बाबतीतही असेच काहीसे घडते. रेजिनाल्ड व्हेलजॉन्सन यांनी तो फार प्रेमळ उभा केला आहे. अंधारात खेळण्यातली बंदूक खरी समजून आपल्या हातून तेरा वर्षांचा मुलगा मारला गेला आणि तेव्हापासून आपण शस्त्र उचलू शकलो नाही, असे तो मक्लेनला सांगतो. एकमेकांना कधीही न पाहिलेल्या दोन पुरुषांमधला तो संवाद सुरेख आहे. मग शेवटी, मेला असे आपण समजलेला ग्रूबरचा साथीदार कार्ल अचानक बंदूक घेऊन उठतो आणि पॉवेल त्याला गोळ्या घालतो. चित्रपट याला पॉवेल बरा झाल्याचा क्षण म्हणून दाखवतो. मुलाला मारल्याच्या अपराधी भावनेवर आणखी एकाला मारणे हा उपाय म्हणून सादर करावा, हे मला तेव्हाही विचित्र वाटले होते आणि आता अधिकच वाटते.

शून्यप्रहर

कार्लच्या पुनरागमनाबद्दल दीपमाळ यांच्याशी मी सहमत आहे, आणि एक पुरवणी जोडतो. संगीतकार मायकेल कामेन यांनी संपूर्ण चित्रपटभर बेथोव्हनच्या धुनेचे तुकडे आणि नाताळच्या गाण्यांतली घुंगरे विणत नेली आहेत; पण कार्ल उठतो तेथे वाजणारे संगीत त्यांचे नाही. ‘एलियन्स’ (१९८६) या चित्रपटासाठी जेम्स हॉर्नर यांनी केलेला तुकडा तेथे लावलेला आहे. ते ठाऊक नसतानाही मला तो प्रसंग उपरा वाटत असे. साखळीला लटकून निपचित पडलेला माणूस कसा उठला, इतक्या पोलिसांच्या गराड्यात शस्त्रासह कसा आला, याचे उत्तर पटकथेकडे नाही, म्हणून संगीताने ते मोठ्या आवाजात झाकून नेले आहे. कार्लच्या भूमिकेतले अलेक्झांडर गोडुनोव हे बोल्शॉय या रशियन नृत्यसंस्थेतले नामवंत बॅले नर्तक होते. मक्लेनशी त्यांची झटापट इतकी उत्तम आहे की त्यांना तेथेच मरू द्यायला हवे होते.

तळटीप

एफबीआयबाबत मी माझे मत मागे घेतो. वीज तोडण्याचा मुद्दा मी कागदावर लिहिलेला होता, पण तो ‘तिजोरी’ या सदराखाली लिहिला आणि ‘बाहेरचे लोक’ या सदरात त्याची आठवण ठेवली नाही. सदरे पाडून चित्रपट पाहण्याचा हा तोटा.

मोजपट्टी यांनी सांगितलेल्या रुग्णवाहिकेमुळे मी तो प्रसंग पुन्हा लावला. खरोखरच नाही. आता ती दिसत नाही हेच दिसत राहील.

दीपमाळ यांच्या घड्याळाच्या मुद्द्यावर थोडे वेगळे म्हणायचे आहे. कादंबरीत मुलगी पडते आणि येथे पत्नी वाचते, हा पायवाट यांनी सांगितलेला फरक लक्षात घेतला तर मला वाटते की निर्मात्यांनी कादंबरीतला क्रूर शेवट घेऊन त्यातून बाहेर पडायला एक दार ठेवले, आणि ते दार म्हणजे पट्ट्याची कडी. त्यांनी स्त्रीच्या नोकरीविषयी काही विधान करायचे ठरवले असेल असे मला वाटत नाही. पण ठरवले नव्हते म्हणून ते होत नाही असेही नाही. त्यामुळे आक्षेप उभा राहतोच. त्या पडण्याच्या दृश्यात रिकमन यांच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य मात्र अस्सल आहे. त्यांना उंचावरून हवेच्या गादीवर सोडायचे होते, आणि ठरलेल्या आकड्याच्या आधीच सोडले गेले.

उपप्रमुख रॉबिन्सनवर मात्र मी ठाम आहे. काल रात्री मी एक प्रयोग करून पाहिला : हे पात्र पटकथेतून काढले तर नेमके काय कोसळते? सशस्त्र पथकाचा फसलेला हल्ला एफबीआयच्या नावावर टाकता येतो. पोलिसांची चिलखती गाडी जळते, तेव्हा चिडलेला मक्लेन खुर्चीला स्फोटके बांधून लिफ्टच्या बोगद्यात ढकलतो, तेही तसेच राहते. शेअर दलालाचा विनोद जातो, त्याचे दुःख नाही.

चौकट

एक गोष्ट जाते. पॉवेलला कोणाशी तरी वाद घालावा लागतो. मक्लेन पोलीसच असावा असे त्याला वाटते, पण पुरावा नाही. आणि वरिष्ठ समोर उभा राहून ते नाकारत असतानाही तो वॉकीटॉकी सोडत नाही, तेव्हा त्याची निष्ठा आपल्याला दिसते. वरिष्ठच नसेल तर पॉवेल नुसताच गाडीजवळ उभा राहून बोलणारा भला माणूस उरेल.

तळटीप

हे मान्य. वरिष्ठ हवा होता. परंतु शंका घेणारा वरिष्ठ आणि काहीच न कळणारा वरिष्ठ यांत अंतर आहे. आत एक अनोळखी माणूस आहे, तो स्वतःला पोलीस म्हणवतो, त्याने लिफ्टच्या बोगद्यात स्फोट घडवून इमारतीच्या काचा रस्त्यावर उडवल्या आहेत, आणि त्याचे नावही त्याने सांगितलेले नाही. अशा माणसावर विश्वास ठेवू नये असे म्हणायला शहाण्या अधिकाऱ्याकडे भरपूर कारणे होती. रॉबिन्सनच्या तोंडी ती घातली असती तर पॉवेलला खरा वाद जिंकावा लागला असता.